माल जिथे थांबतो: घाट, रूळ आणि वऱ्हाडचा कापूस

(अमरावतीच्या श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, सुरुवात तीन तारखांपासून करतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे आणि पुढे तीन इंजिने, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्यानंतर चारच दिवसांनी, २० एप्रिलला, गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने रेल्वेविषयीचे आपले मोठे टिपण पूर्ण केले. इंग्लंडला कापूस हवा आहे, हिंदुस्थानात तो पिकतो आहे, कमी आहे ती तो बंदरापर्यंत आणण्याच्या साधनांची, असा त्यातला एक ठळक मुद्दा होता. आणि २१ मे रोजी निजामाशी तह होऊन वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या कारभाराखाली गेला. रूळ, धोरण आणि कापसाची काळी जमीन या तिन्ही गोष्टी पाच आठवड्यांत एका हातात आल्या.

हा कोणी आखलेला कट होता, असे मला म्हणायचे नाही. वऱ्हाडचा तह झाला तो हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या इंग्रजी अधिकाऱ्यांच्या फौजेच्या, थकलेल्या खर्चापायी, आणि ते भांडण जुने होते. पण तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर पुढच्या पन्नास वर्षांत या प्रदेशाचे जे झाले, त्यातून एक फार मोठा प्रश्न समजून घेता येतो. कारखानदारी नुकतीच सुरू होत असते, तेव्हा रस्ते, कालवे, रेल्वे यांमुळे कुठला प्रदेश वर येतो आणि कुठला मागे राहतो? आणि ते कशामुळे ठरते?

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. पैसा रस्त्याच्या कडेने सगळीकडे सारखा उगवत नाही. माल जिथे थांबतो, उतरतो, दुसऱ्याच्या हाती जातो, त्याचे रूप बदलते, तिथे तो साठतो. नवा रस्ता किंवा नवा रूळ आला की आधी हे थांबे बदलतात. जुने पुसले जातात, नवे तयार होतात. त्यामुळे ‘अमुक भागात रेल्वे आली का’ एवढे विचारून भागत नाही. तिथे माल थांबू लागला की तिथून नुसता निघून जाऊ लागला, हे पाहावे लागते.

आता रुळांच्या आधीचे वऱ्हाड पाहू.

विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी १८२५-२६ मध्ये वऱ्हाडातून मुंबईला कापसाची पहिली मोठी खेप पाठवली. पाचशे बैल, प्रत्येकावर २४० पौंड, म्हणजे सगळा मिळून सव्वा लाख पौंडांच्या आत-बाहेर. आजच्या मापाने साधारण ५५ टन. आज मोठे ट्रक लावले तर तीन-चार ट्रकांत मावेल एवढा माल, आणि त्यासाठी पाचशे जनावरे! बैलांचा तांडा दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर चालायचा. अमरावती-मुंबई हे अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या वर आहे. मधले मुक्काम, नद्यांचे उतार, जकातीची नाकी, सगळे धरले तर दीड-दोन महिने सहज लागत. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलाचे पाय रुततात, म्हणजे चार महिने वाट बंदच. उघड्या गोण्यांतला कापूस धूळ खायचा, दव खायचा, आणि वाटेत बैलही तो खायचे. मुंबईत पोचेपर्यंत त्याची प्रत उतरलेली असायची आणि मँचेस्टरचे लोक म्हणायचे की हिंदुस्थानी कापूस घाणेरडा असतो. वऱ्हाडचा बराच कापूस तर मुंबईला जातच नसे. तो उत्तरेला गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई, कारण तिकडे मध्ये सह्याद्री नव्हता.

हे सगळे ऐकताना जुनी व्यवस्था निव्वळ गैरसोयीची वाटते. शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या बाजूने ती होतीच. पण तिची दुसरी बाजूही पाहायला हवी. दर बारा-पंधरा किलोमीटरवर माल थांबत होता. तिथे चारा विकला जाई, खोगीर-गोण्या शिवल्या जात, नालबंद आणि सुतार काम करत, सावकार हुंडी वटवत. माल वाहणारे बंजारे म्हणजे एक अख्खा समाज होता आणि त्यांच्या तांड्यांवर मीठ, धान्य, कापूस यांचा अर्ध्या देशाचा व्यापार चालत असे. घाटाच्या पायथ्याची आणि खाडीच्या टोकाची गावे तर केवळ थांब्यावर जगत होती. पुण्याकडून बोरघाट उतरून आलेला माल पनवेलला होडीत चढे आणि पाण्याने मुंबईला जाई. कोकणात चिपळूणला कुंभार्ली घाटातून कऱ्हाडकडचा गूळ, धान्य, कापूस उतरे आणि वाशिष्ठीच्या खाडीतून गलबतात चढे. या गावांतले मोठे वाडे, पेढ्या, बाजारपेठा थांब्याच्या पैशातून उभ्या राहिल्या. वाहतूक महाग होती, म्हणूनच ती शेकडो ठिकाणी थोडी थोडी वाटली गेली होती.

१८३० साली दोन ठिकाणी दोन वाटा खुल्या झाल्या, त्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. सप्टेंबरात इंग्लंडमध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. नोव्हेंबरात मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. दोन्ही वाटांवर कापूस जाणार होता. मँचेस्टरच्या वाटेवर कापूस बंदराकडून आत जात होता, गिरणीत शिरत होता आणि कापड होऊन त्याच वाटेने बाहेर येत होता. त्या वाटेवरची इंजिने तिथल्याच कारखान्यांत बनत होती, लोखंड आणि कोळसा त्याच देशात होता. त्याच्याही आधी, १७६१ साली, ब्रिजवॉटर कालव्याने वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला आणला तेव्हा शहरात कोळशाची किंमत निम्म्यावर आली होती. म्हणजे तिथे वाहतुकीने कारखान्याच्या दारात इंधन आणि कच्चा माल आणून टाकला. आपल्याकडे बोरघाटातून कापूस खाली उतरत होता आणि समुद्रापार जात होता. दिशा उलटी होती. ही दिशा पुढच्या सगळ्या कथेत महत्त्वाची आहे.

१८३० चा रस्ता झाला तरी घाट हा घाटच राहिला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने, म्हणजे आपल्या जीआयपीने, १८५६ पर्यंत मुंबईहून खोपोलीपर्यंत रूळ नेले. १८५८ मध्ये वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र रिकामा. प्रवाशांनी खोपोलीला उतरायचे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढायचा आणि वर जाऊन पुन्हा गाडीत बसायचे. ही पाच वर्षे खोपोली-खंडाळ्याला जेवढी माणसे आणि जेवढा माल थांबला, तेवढा नंतर कधी थांबला नसेल.

बोरघाटाच्या कामाविषयी थोडे थांबून बोलायला हवे, कारण त्याशिवाय या रुळांची किंमत कळत नाही. सुमारे पंचवीस किलोमीटर लांबीची चढण, एकूण चढ १,८३१ फूट, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. काही ठिकाणी सदतीस फुटांना एक फूट असा चढ. एका जागी वळायला डोंगराने जागाच दिली नाही, म्हणून गाडी एका फाट्यावर नेऊन थांबवायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचे आणि उलट दिशेने पुढे चढायचे, अशी रचना करावी लागली. आखणी मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांची. काम १८५६ मध्ये सुरू झाले. पहिल्या ठेकेदाराने, फॅव्हिएलने, १८५९ मध्ये काम सोडले. त्याच वर्षी मजुरीच्या थकबाकीवरून मजुरांचा उठाव झाला होता. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने गेला. मग त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी, ठेका स्वतःच्या नावावर चालू ठेवला आणि अनुभवी अभियंत्यांकडून तो पुरा करून घेतला. १८६१ च्या सुमारास या घाटात ४२,००० माणसे एका वेळी राबत होती. पटकीच्या साथींत आणि अपघातांत हजारो मेली. त्यांची नावे कुठल्याही दगडावर नाहीत. आपण आज खिडकीतून धबधबे बघत तो घाट चढतो, तेव्हा मला ही माणसे आठवल्याशिवाय राहत नाहीत. एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी घाट खुला केला. दोन वर्षांनी, १८६५ मध्ये, कसाऱ्याचा थळघाटही पुरा झाला. वऱ्हाडचा कापूस याच दुसऱ्या घाटाने उतरणार होता.

इथे एक योगायोग ध्यानात घ्या. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ मध्ये सुरू झाले, अमेरिकन कापूस थांबला आणि मुंबईत कापसाचे भाव तिपटी-चौपटीने चढले. ‘रेल्वे आली आणि वऱ्हाडात कापसाची तेजी आली’ असे वाक्य आपण पुष्कळदा वाचतो. तारखा तसे सांगत नाहीत. गाडी भुसावळला पोचली १८६३ मध्ये. नागपूरला पोचली फेब्रुवारी १८६७ मध्ये. युद्ध एप्रिल १८६५ मध्येच संपले होते आणि मुंबईत शेअरबाजार कोसळून मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या होत्या. तेजीच्या ऐन वर्षांत वऱ्हाडचा कापूस बैलगाड्यांनीच पुढच्या रुळापर्यंत गेला. रेल्वेचे काम वेगळे होते. युद्धाने शेतकऱ्याला चार वर्षांसाठी जे पेरायला लावले, ते रेल्वेने कायमचे केले. भाव उतरले तरी वाहतुकीचा खर्च इतका कमी झाला होता की कापूस पेरणे परवडत राहिले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आफ्रिकेचा वळसा टळला, तारेने लिव्हरपूलचे भाव इकडे येऊ लागले. ज्वारीची जमीन कापसाखाली जात राहिली.

तुमच्या गावाचेच उदाहरण घेऊ. अमरावती ही कापसाची जुनी पेठ. पण नागपूरची मुख्य लाइन अमरावतीला आलीच नाही. ती दक्षिणेकडून, बडनेऱ्यावरून गेली. खामगावचे तेच झाले. खामगाव त्या काळी देशातल्या मोठ्या कापूस बाजारांपैकी एक आणि गाडी गेली जलंबवरून, तेरा-एक किलोमीटर लांबून. मुख्य लाइन आखणाऱ्यांना मुंबई-नागपूर-कलकत्ता दिसत होते, मधली पेठ दिसत नव्हती. अशा वेळी सहसा काय होते? पेठ सुकते आणि स्टेशनाजवळ नवे गाव उभे राहते. खानदेशात जळगाव असेच वर आले. भुसावळ तर जंक्शन आणि रेल्वेच्या कारखान्यामुळे छोट्या गावाचे शहर झाले. पण खामगाव आणि अमरावती या पेठा इतक्या वजनदार होत्या की शेवटी रुळांनाच त्यांच्याकडे वळावे लागले. जलंब-खामगाव फाटा १८७० मध्ये झाला आणि त्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला. बडनेरा-अमरावती फाटा १८७१ मध्ये झाला. बाजार जुना असेल, त्याच्यापाशी भांडवल, अडते, दलाल आणि पतीचे जाळे असेल, तर तो रुळाला आपल्याकडे ओढू शकतो. रूळ रिकाम्या माळावर भवितव्य लिहीत नाही, तिथे आधीपासून असलेल्या शक्तीशी त्याला जुळवून घ्यावे लागते.

बरे, रूळ आला, पेठ टिकली. मग गिरण्या इथेच का निघाल्या नाहीत? कापूस इथला, मजूर इथले. पहिली कापडगिरणी मात्र कावसजी दावर यांनी काढली मुंबईत ताडदेवला, आणि १८५६ मध्ये ती चालू झाली तेव्हा वऱ्हाडात रूळही नव्हता. इथे थोडा हिशेब करू.

शेतातल्या कापसात वजनाने साधारण एक तृतीयांश रुई असते आणि दोन तृतीयांश सरकी. म्हणजे कापूस तसाच मुंबईला नेला तर तीनपैकी दोन गाड्या सरकीच वाहायच्या. हे कोणालाच परवडणार नाही. म्हणून सरकी वेगळी काढणारी यंत्रे, म्हणजे रेचे, जिन, शेताजवळच राहणार. पिंजल्यासारखी सैल रुई वॅगनमध्ये भरली तर वॅगन भरते, पण वजन काहीच होत नाही. म्हणून ती दाबून गाठ बांधायची. त्यासाठीच वाफेवरचे प्रेस स्टेशनाला खेटून उभे राहिले. अकोला, खामगाव, अमरावती, मूर्तिजापूर, कुठल्याही स्टेशनाजवळच्या जुन्या चिमण्या पाहा. इथपर्यंत माल थांबणे भाग आहे, त्याला भौतिक कारण आहे. पण रुईचे सूत होताना वजन फारसे घटत नाही. त्यामुळे सूतगिरणी शेताजवळ असावी असा नैसर्गिक दाब नाही. ती कुठेही चालेल. मग ती कुठे निघेल हे ठरवतात तीन गोष्टी: कोळसा, यंत्रे आणि भाडे. यंत्रे लँकेशायरहून बोटीने मुंबईत उतरत. कोळसाही मुंबईला समुद्रमार्गे, थेट इंग्लंडहून, येऊ शके. आणि भाडे ठरवत होती रेल्वे कंपनी.

भाड्याचा मुद्दा मला सगळ्यात कळीचा वाटतो आणि आपल्याकडे त्यावर सगळ्यात कमी बोलले जाते. कंपन्यांचे दर असे होते की बंदराकडे जाणारा कच्चा माल आणि बंदराकडून आत येणारा तयार माल लांब पल्ल्यावर स्वस्तात जाई, आणि देशातल्या देशात, एका गावाहून दुसऱ्या गावी, मधल्या पल्ल्यावर जाणारा माल त्या मानाने महाग पडे. १९१६-१८ च्या औद्योगिक आयोगाने याची नोंद घेतली आणि शिफारस केली की सारख्या अंतरासाठी देशांतर्गत मालाचे दर शक्य तितके बंदराच्या दरांच्या बरोबरीने असावेत. म्हणजे पहिली गाडी सुटून साठ-पासष्ट वर्षे झाल्यावर सरकारी आयोगाला हे लिहावे लागले! तेवढ्या काळात कुठे काय उभे राहायचे ते राहून गेले होते. रूळ दोन्ही दिशांना सारखेच असतात. दरपत्रक मात्र प्रदेशाला एका बाजूला कलते करू शकते.

दुसरी गोष्ट हमीची. जीआयपीच्या भागधारकांना भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती. गाडीला पुरेसा नफा झाला नाही तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून भरायचा. अशी हमी मिळाल्यावर खर्च जपून करण्याची कंपनीला काय गरज? आणि खर्च गेला कुठे? रूळ, इंजिने, पूल, अनेक वर्षे रुळांखालचे स्लीपरसुद्धा, इंग्लंडहून आले. इंग्लंडात, जर्मनीत, अमेरिकेत रेल्वे बांधताना लोखंडाच्या भट्ट्या, यंत्रांचे कारखाने, अभियंत्यांच्या पिढ्या घडल्या. इथे त्यातले फार थोडे झाले. घाटात राबणाऱ्या हातांची मजुरी तेवढी इथे राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात गणेश व्यंकटेश जोशी यांनी १८८० च्या दशकातच रेल्वेविस्तार आणि खुला व्यापार यांचे हे परिणाम आकडे घेऊन मांडले होते. शाळामास्तर असलेल्या या माणसाचे अर्थशास्त्र आजही वाचावे असे आहे. रेल्वेच नको, असे या मंडळींचे म्हणणे नव्हते. कोणाच्या पैशाने, कोणत्या दराने, कोणत्या गतीने आणि तिच्या जोडीला इथे काय उभारायचे, हा त्यांचा प्रश्न होता.

अर्थात, एवढ्यावरून रेल्वेने नुकसानच केले असा निष्कर्ष काढणे चूक होईल. डेव्ह डोनाल्डसन या अर्थशास्त्रज्ञाने ब्रिटिश हिंदुस्थानच्या जिल्ह्याजिल्ह्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा रेल्वे आलेल्या जिल्ह्यात शेतीचे खरे उत्पन्न सरासरीने १६ टक्क्यांच्या आसपास वाढल्याचे त्याला दिसले. ही वाढ मोठी आहे आणि मी ती मान्य करतो. पण ती शेतीच्या उत्पन्नाची वाढ आहे आणि सरासरी आहे. ती जमीनदाराच्या घरात गेली, सावकाराच्या, की कूळ-मजुराच्या, हे सरासरीत दिसत नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात बाहेरून धान्य येऊ शकत होते, रूळ होते, बाजार होता. पण कापसाच्या शेतावर मजुरी करणाऱ्याला मजुरीच नव्हती, मग स्टेशनावर उतरलेले धान्य तो कशाने विकत घेणार? आणि बंजाऱ्यांचे काय झाले? बैल विकून कोणी शेतमजूर झाला, कोणी गुरे पाळू लागला, आणि अनेक ठिकाणी सरकारने त्यांना ‘गुन्हेगार जमाती’च्या यादीत टाकले. पिढ्यान्‌पिढ्या देशाचा माल वाहणाऱ्या लोकांवर मारलेला तो शिक्का पुसायला १९५२ साल उजाडावे लागले.

आता माल इथेच थांबल्याची उदाहरणे पाहू, कारण अशी उदाहरणे आहेत आणि ती फार शिकवणारी आहेत.

जमशेटजी टाटांनी १८७० च्या दशकात कापडगिरणी काढायचे ठरवले तेव्हा मुंबईचा मोह टाळून नागपूर निवडले. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. सभोवती कापूस, जवळ कापडाची गिऱ्हाइके, मुंबईशी थेट रूळ, आणि वर्धा खोऱ्यात वरोऱ्याचा कोळसा. मघाचे तीन घटक आठवा: यंत्रे रुळाने आली, कोळसा जवळ मिळाला, आणि कापूस-कापड दोन्हींचे पल्ले आखूड राहिल्यामुळे भाड्याचा कल फारसा बाधला नाही. गिरणीच्या कारभारासाठी त्यांनी बेझनजी मेहता यांना घेतले. बेझनजी आधी जीआयपी रेल्वेत मालवाहतुकीचे काम पाहत होते. कापडाचा त्यांना अनुभव नव्हता, पण माल कुठे अडतो, कुठल्या वाटेने स्वस्त पडतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? मला ही निवड फार बोलकी वाटते. त्यानंतर हिंगणघाट, बडनेरा, पुलगाव इथेही गिरण्या निघाल्या, आणि त्या सगळ्या रुळाच्या काठी होत्या.

सोलापूरची कथा आणखी वेगळी. गाडी १८६० मध्ये तिथे पोचली. १८७७ मध्ये गिरणी सुरू झाली, तिलाच लोक पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. पण रुळाने तिथे हातमागही मारला नाही. उलट गिरणीचे सूत हातमागवाल्याला सहज मिळू लागले आणि तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबे येऊन वसली. यंत्राने हातमाग बुडतो हे आपण ठोकळ्यासारखे धरून चालतो, सोलापुरात मात्र सूत रुळाने आले आणि लुगडी रुळाने बाहेर गेली. का? कारण विणकाम तिथेच टिकवून ठेवणारे हात, सावकार आणि गिऱ्हाईक जवळ होते.

याच्या उलट टोकाला कोकण. रत्नागिरी जिल्ह्याला या काळात रूळ मिळालाच नाही. १८९० च्या सुमारास पुण्याहून मिरजेकडे गाडी धावू लागली आणि कऱ्हाडकडचा जो माल कुंभार्ली उतरून चिपळूणला यायचा, तो वरच्या वर रुळाने जाऊ लागला. बंदरे ओस पडत गेली. माल थांबेना, मग माणसे निघाली. आगबोटीने मुंबईला येऊन ती गिरण्यांत लागली. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत राहणारे, पण जन्माने रत्नागिरी जिल्ह्याचे लोक दोन लाखांच्या वर होते. वऱ्हाडचा कापूस आणि कोकणचा माणूस मुंबईत एकाच यंत्रापाशी भेटले. गिरणगाव, म्हणजे मुंबईची गिरण्यांची वस्ती, घडले ते या भेटीतून. एका प्रदेशाला रूळ मिळाला म्हणून त्याचा कच्चा माल तिथे आला, दुसऱ्याला मिळाला नाही म्हणून त्याची मजुरी तिथे आली. कोकणला पूर्ण रेल्वे मिळाली १९९८ मध्ये. तोवर चार पिढ्यांचे अर्थकारण मनीऑर्डरीवर चालले.

आणि ज्या बोरघाटाने सात वर्षे अडवले, त्यानेच पुढे मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी नळातून खोपोलीला खाली सोडून टाटांनी १९१५ मध्ये वीज सुरू केली. कोळशाच्या लांबच्या भाड्याने गांजलेल्या मुंबईला तो मोठा दिलासा होता. तिची आघाडी त्याने आणखी पक्की झाली.

शेवटी वर्तमानाकडे येतो. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी तुमची शकुंतला रेल्वे कापसासाठीच बांधली गेली होती. आता मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर पूर्ण झाला आहे. तो याच जिल्ह्यात धामणगाव, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर या भागांतून जातो. त्यावर वाहन हवे तिथे चढत-उतरत नाही, ठराविक ठिकाणीच चढते-उतरते. म्हणजे थांबे पुन्हा मोजकेच आहेत, आणि ते कुठे आहेत हे आधीच आखून झाले आहे. दुसरीकडे नांदगाव पेठेला वस्त्रोद्योग आहे आणि केंद्राच्या पीएम मित्र योजनेतल्या सात मोठ्या वस्त्रोद्योग उद्यानांपैकी एक अमरावतीसाठी जाहीर झाले आहे. कापसाला इथे थांबवण्याची इतकी अनुकूल परिस्थिती १८७७ नंतर बहुधा आली नव्हती.

म्हणून इथल्या तरुण अभ्यासकांना एक काम सुचवतो. महामार्ग झाल्यावर किती मिनिटे वाचली, हे सगळेच मोजतील. तुम्ही या जिल्ह्यातून दरवर्षी किती गाठी रुई म्हणून बाहेर जातात, किती सूत म्हणून आणि किती कापड म्हणून, ते मोजा. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, बाजार समित्या, सूतगिरण्या यांच्याकडे नोंदी असतात. त्यासोबत विजेचा दर आणि टनामागे ट्रकचे भाडे, मुंबईकडे जाताना किती आणि जिल्ह्यातल्या जिल्ह्यात किती, हेही लिहून ठेवा. दहा वर्षे सलग हे आकडे ठेवले तर औद्योगिक आयोगाला जे साठ वर्षांनी दिसले, ते तुम्हाला दहा वर्षांत दिसेल आणि तेव्हा दर बदलून घ्यायला वेळ हाताशी असेल.